त्रेपन्न सिरिंज, बावन्न सुया

मामांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. मंगरूळपीरच्या एका तीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो होतो. चहा पिऊन कागदाचा कप समोरच्या लाल डब्यात टाकला आणि टेबलाशी येऊन बसलो. दोन मिनिटांत एक किडकिडीत, साठीकडे झुकलेला माणूस दारात उभा राहिला. गळ्यात सुतळीने बांधलेली मोठी कात्री, हातात लांब चिमटा, एका पायात काळा गमबूट आणि दुसऱ्या पायात निळा.

"साहेब, जरा बाहीर या," ते म्हणाले.

मी गेलो. त्यांनी चिमट्याने लाल डब्याकडे बोट केल्यासारखं केलं.

"तुमचा कप चुकीच्या जीपीत बसला."

"मग काढतो ना."

"निंघत नाई आता. एकदा आत पडला का तो दवाखान्याचा झाला. त्याले आता पार कारखान्यालोक जा लागते. तुमी फक्त पाहून घ्या, आपल्यामुयं कोनाले कुठी जा लागून राह्यलं ते."

मी त्या कपाकडे पाहत उभा राहिलो. पुढच्या सहा वर्षांत मी चुकीच्या डब्यात काही टाकल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं पद वॉर्डबॉयचं होतं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कुणी बॉय म्हणावं हे त्यांना मान्य नव्हतं, म्हणून सगळे मामा म्हणत. दवाखान्यातला सगळा कचरा त्यांच्या हातातून जायचा आणि त्याच्या वजनाचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. त्यामुळे रोज दुपारी एक वाजता आमची गाठ ठरलेली.

वेगवेगळे बूट घालण्याचं कारण मी एकदा विचारलं. "काया जोडीतला उजवा फाटला, निया जोडीतला डावा फाटला. राह्यले दोन. दोन पायाले दोन बूट झाले. आता फेकाचं कोन्तं, तुमीच सांगा." हिशेब बरोबर होता.

डब्यांचे रंग तक्त्यावर लिहिलेले होते, पण नव्या माणसाला तक्ता वाचू देण्यावर मामांचा विश्वास नव्हता. ते स्वतः समजावून सांगत. शेलूबाजारच्या फाट्यावर जीपवाले जसे आपापल्या गावाची नावं ओरडतात, त्या सुरात. "लालवाली गाडी: सलाइनच्या बाटल्या अन् त्याइच्या नया, हातमोजे, सिरिंजा. हे लोक फिरून येतात. त्याइले वाफेत शिजवते, बारीक करते, मंग कोनी बादली होते, कोनी पाईप होते. पिवयी गाडी: रक्ताचा कापूस, पट्ट्या, बाळंतिणीची वार. हे गेले का जयले. निया खोका: काचेच्या शिश्या, थे बी वितयून पुन्हा कामी येतात. अन् हा पांढरा डबा, सुयाचा." इथे आवाज खाली यायचा. "याच्याशी मजाक नाई."

मामा येण्यापूर्वीच्या रजिस्टरात पिवळ्या पिशवीचं रोजचं वजन अकरा ते बारा किलो लिहिलेलं होतं. मामा तिथे येऊन चार महिने झाले होते आणि वजन पाच किलोवर आलं होतं. मला शंका आली. घरून तूरडाळीचं सीलबंद पाच किलोचं पाकीट आणून मी काट्याला लावलं. काटा बरोबर होता. मग मी मामांना विचारलं, उरलेले सहा किलो गेले कुठे?

"केयाच्या सालात," ते म्हणाले. "लोकं पेशंटले पाह्याले येतात, केये आनतात, पेशंट खात नाई, हेच खातात, अन् सालटं पिवयीत. पोया, भात, पेपर, सारं पिवयीत. साधं केयाचं साल भट्टीत काहून जायाचं? त्यानं कोनाचं काय बिघडवलं?"

मी तीन दिवस त्या सालं-पोळ्यांचं वेगळं वजन करून पाहिलं. साडेपाच, सहा, सहा किलो तीनशे. मामांचा अंदाज आणि माझा आकडा यांत फारसं अंतर निघालं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूचा झालो.

सिस्टर लोकांशी ते कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. टोचून झाल्यावर सुईला परत टोपण घालायची एकीला सवय होती. त्यातच हाताला टोचतं, म्हणून ते करायचं नसतं. मामा तिच्यासमोर जाऊन हात जोडत. "ताई, तिले टोपी घालू नका. नवरदेव नाई ते." आठवड्याभरात तिची सवय गेली.

सलाइनच्या बाटलीवरून मात्र त्यांचं बाहेरच्यांशी वाजायचं. आमच्याकडे संत्र्याची नवी लागवड केली की लोक रोपाशेजारी काठीला सलाइनची बाटली उलटी टांगतात आणि नळीतून थेंब थेंब पाणी देतात. युक्ती चांगली आहे. पण मामा प्रत्येक बाटली आणि प्रत्येक नळी गळ्यातल्या कात्रीने कापूनच लाल पिशवीत टाकत. एकदा शेलूबाजारकडचा एक संत्रेवाला आला.

"मामा, पन्नासक बाटल्या द्या ना जी. तुमी तं कापूनच फेकून राह्यले."

"देतो ना. तुह्या घरी लेकरं किती?"

"दोन."

"केवढाले?"

"एक पाचचा, एक सातचा."

"मंग मले सांग, थे नयी रोपापाशी राहीन का लेकराच्या तोंडात राहीन?"

तो माणूस तोंड पाडून निघाला, तर मामांनीच त्याला थांबवलं. पुढचे तीन आठवडे ते रोज संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या टपऱ्यांवरून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. धुऊन, झाकणाला भोक पाडून त्यांनी त्याला बावन्न बाटल्या दिल्या. पन्नासच मागितल्या होत्या, असं मी म्हणालो. "दोन फुटतीन ना," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी एकदा औषध न्यायला आल्या होत्या. मी सहज म्हटलं, मामा घरी पण असेच का? त्या म्हणाल्या, "घरात पाय ठेवला का पयले डब्यात डोकावतात, मंग माह्याकडे पाह्यतात. लग्नात बी तेच." लग्नाचा किस्सा मग त्यांनीच सांगितला. नात्यातल्या एका लग्नात मामा जेवून हात धुवायला गेले ते परतच येईनात. पाहतात तर उष्ट्या पत्रावळी टाकण्याच्या ठिकाणी उभं राहून लोकांना सांगताहेत, पत्रावळ इकडे, प्लास्टिकचा गिलास तिकडे. नवरदेवाकडच्या एकाने त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून मठ्ठा आणायला पाठवलं. मामांनी मठ्ठा आणून दिला आणि परत जागेवर जाऊन उभे राहिले. नवरीचे सख्खे मोठे काका होते ते.

पण मामांचं खरं वेड म्हणजे सुया मोजणं. सुया कापून पांढऱ्या डब्यात टाकायच्या, एवढाच नियम आहे. मोजायला कुणी सांगितलेलं नव्हतं. मामा मोजत. सिस्टर ट्रे आणून देत. मामा एकेक सिरिंज उचलून कटरच्या भोकात सुई घालत, दांडा दाबत आणि कागदावर एक रेघ ओढत. दुपारी एक वाजता तो कागद माझ्याकडे यायचा. मी वॉर्डाला दिलेल्या सिरिंजांतून शिल्लक वजा करायचो. आकडा जुळला की ते कागदाखाली सही करत, मग मी करायचो. जुळला नाही तर ते सही करत नसत, आणि आकडा जुळेपर्यंत जेवतही नसत. फरक आला तरी तो अर्ध्या तासात सापडायचा. बहुतेक वेळा कुणाच्या तरी खिशात न वापरलेली सिरिंज असायची.

मला आकडे जुळलेले आवडतात, त्यामुळे मला यात काही वेडेपणा वाटला नाही. डॉक्टरसाहेबांना वाटायचा. "तुम्ही दोघं बँकेत पाहिजे होते," ते म्हणायचे.

एका गुरुवारी मामा वॉर्डात सकाळची झाडझूड पाहत होते. सात नंबरच्या खाटेवर आसेगावची एक पोरगी बाळंत झाली होती, पहिलीच वेळ, मुलगी. सोबत तिची आई. मामांना उशीखालून लाकडी मूठ दिसली. त्यांनी ओढली, तर विळा.

"बाई, हे काय?"

"इया हाये. दिसत नाई का?" म्हातारी म्हणाली.

"वॉर्डात काहून आनला?"

"लेकराच्या उशाशी लोखंड नको? ओली बाळंतीण, पाचवी बी व्हाची हाये अजून. काई बाहीरचं लागलं तं तू येशीन का?"

"धारेची वस्तू इथं चालत नाई."

"तुह्या गयात हाये थे कात्री काय लाकडाची हाये?"

आजूबाजूच्या खाटा हसल्या. मामाही हसले, पण विळा घेऊन माझ्याकडे आले. मी रजिस्टरात लिहिलं: विळा, एक, मूठ लाकडी. म्हातारीला पावती दिली. तिने ती न वाचता पदराच्या टोकाला बांधली. आम्ही दोघांनीही आपण नियमाने वागलो या समाधानात दुपारचा चहा घेतला.

शनिवारी एक वाजता मामा आले ते कागद न देता उभे राहिले.

"सिरिंजा किती गेल्या?"

मी पाहिलं. चौसष्ट दिल्या होत्या, अकरा शिल्लक. "त्रेपन्न."

"त्रेपन्न सिरिंजा आल्या. सुया बावन्न. एक सिरिंज बोडकी होती."

सिस्टर म्हणाली, ट्रेमध्ये गळून पडली असेल. ट्रे पाहिला. खाटांखाली पाहिलं. चादरी झटकू दिल्या नाहीत मामांनी. एकेक करून जमिनीवर पसरून पाहिल्या. लाल पिशवी ताडपत्रीवर उलटी केली आणि चिमट्याने एकेक वस्तू बाजूला केली. मी स्टोअरमधले सगळे खोके परत मोजले, मूळचीच एखादी सिरिंज बिनसुईची आली असेल म्हणून. पण सिरिंज वापरलेली होती. सुईशिवाय इंजेक्शन देता येत नाही.

डॉक्टरसाहेब आले. "मामा, एक सुई. लिहून टाका हरवली."

"सुई हरवत नाई साहेब. थे कुठीतरी असते. आपल्याले मालूम नसते एवढंच."

मग सिस्टरला आठवलं. सकाळी सात नंबरच्या बाळंतिणीला शेवटचं इंजेक्शन दिलं, ट्रे स्टुलावर ठेवला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवर उलटी झाली म्हणून ती तिकडे वळली. दोन मिनिटं.

"सात नंबर कुठी हाये?" मामांनी विचारलं.

"अकराला सुट्टी झाली. गेले आसेगावले."

मामा एकदम खाली बसले. स्टूल नव्हतं तिथे, जमिनीवरच बसले.

"म्हातारीले लोखंड पाहिजे होतं," ते म्हणाले. "मी तिचा इया घेतला."

केसपेपरवर जावयाचा नंबर होता. तो पुण्याकडे स्लॅबच्या कामावर. तीनदा लावला, उचलला नाही. मामा उठले, पांढरा डबा, चिमटा आणि जाड हातमोजे पिशवीत घातले आणि माझ्या मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले. मी गाडी चाळिसाच्या वर नेत नाही, हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. मागे बसल्यावर ते एवढंच बोलले, "आज साठनं घ्या." मी घेतली. एरवी रस्त्यात दिसेल त्या उकिरड्यावर मत देणारा माणूस आसेगाव येईपर्यंत पिशवी पोटाशी धरून फक्त पुढचा रस्ता पाहत होता.

गावाच्या कडेला दोन खोल्यांचं टिनाचं घर. ओसरीवर पाच-सहा बाया बसलेल्या आणि गोधडीतलं लेकरू एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर चाललेलं. मामांनी चप्पल काढली नाही, रामराम केला नाही.

"लेकरू द्या पयले. गोधडीतून काढून द्या. हयू."

म्हातारी आतून आली. "काहून रे? इया घेतला, आता लेकरू न्याले आला का?"

"बाई, सुई कुठी हाये?"

तिने गोधडीकडे पाहिलं. तेवढ्यात बाळंतिणीने लेकराला गोधडीतून उचलून छातीशी धरलं होतं आणि ती रडायच्या बेतात होती. "माय, कोन्ती सुई व? माय!"

मामांनी हातमोजे घातले, गोधडी खाटेवर पसरली आणि कडेकडेने दाबत गेले. आम्ही सगळे पाहत होतो. डोक्याकडच्या कोपऱ्यात त्यांची बोटं थांबली. सुई शिवणीत आडवी खुपसलेली होती. वरून काळा दोरा गुंडाळलेला. टोक कापसात होतं, पण कापूस केवढा, बोटभर. चिमट्याने ओढून त्यांनी ती पांढऱ्या डब्यात टाकली. टिक्क असा आवाज आला. मी घड्याळ पाहिलं, तीन वाजून दहा मिनिटं.

मग त्यांनी लेकरू उघडं करायला लावलं आणि तळपायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. एक ओरखडा नव्हता. लेकरू मात्र थंडी लागून पेटून रडायला लागलं, आणि ते रडणं ऐकून ओसरीवरच्या सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या.

"मी का पागल हाये टोचाले?" म्हातारीचा आवाज सगळ्यांत वर होता. "आत खुपसली होती चांगली. इया नेला, चिठ्ठी देल्ली. चिठ्ठी ठेवू का उशाखाली?"

"तुले टोचली का?" मामांनी विचारलं.

"नाई."

"हात दाखव."

तिने हात पदरात घेतला. मामांनी मोरीपाशी बसून तांब्या पुढे केला. "ये. साबन आन." ती आली. अंगठ्यावर लाल ठिपका होता. मामा पाणी ओतत राहिले, ती धूत राहिली. मी सांगितलं की सुई तुमच्याच पोरीची आहे आणि तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत, फाइल मी पाहून आलोय. त्यावर मामा म्हणाले, "तरी सोमवारी येजो. रक्त तपासू. मंग दीड महिन्यानं, मंग अजून. भेवू नको, पन येजो."

"एवढ्याश्या सुईपायी?"

मामांनी ओतणं थांबवलं नाही. "मले टोचली होती. हे बोट. दुसऱ्या दवाखान्यात होतो तवा. चादरीच्या घडीत होती, कोनाची होती मालूम नाई. सहा महिने रक्त तपासलं. काई निंघालं नाई. पन थे सहा महिने, बाई, माहा नातू पायाले बिलगे अन् मी त्याले दूर सारो. डॉक्टर सांगे, हात लावल्यानं काई होत नाई. मले समजे. तरी हात उचले नाई. तो चालाले लागला त्या सहा महिन्यात. मी दुरून पाह्यलं."

मी त्यांच्यासोबत दोन वर्षं काम करत होतो. हे मला माहीत नव्हतं. रोज एक वाजता मी ज्या कागदावर सही करत होतो, तो कागद मला त्या मोरीपाशी समजला.

म्हातारीने हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "थे सारं बरोबर हाये भाऊ. पन रात्री लेकराच्या उशाशी मी ठेवू काय?"

मला वाटलं आता मामा चिडणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात दुसरा विळा होता, त्यांनी नको म्हटलं. अडकित्ता निघाला, तोही नको. मग माझ्याकडे वळले.

"साहेब, गाडीच्या डिक्कीत पाना असन ना?"

बारा-तेराचा पाना होता. मामांनी तो साबणाने घासला, धोतराच्या धुतल्या फडक्याने कोरडा केला आणि बोट फिरवून सगळीकडून पाहिला. "लोखंडच हाये हे. धार नाई, टोक नाई. ठेव."

म्हातारीने पाना हातात तोलून पाहिला. "चांगला जड हाये," ती म्हणाली आणि उशीखाली सारला.

सोमवारी ती आली, विळा घेऊन गेली. नंतरच्या तारखांनाही न चुकता आली आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला निघाला. पाना मात्र आणायचं तिला कधी आठवलं नाही आणि मी कधी आठवण दिली नाही.

त्याच आठवड्यात मामा रस्त्यावरच्या वेल्डरकडे गेले. सळईचे वीतभर दहा तुकडे कापून, टोकं गोल घासून, पॉलिश करून आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "लिहा," म्हणाले. मी विचारलं, कोणत्या नावाने? दवाखान्याच्या साहित्यात असं काही नसतं. शेवटी मी लिहिलं: लोखंड, बाळंतिणीचे, नग दहा. बाळंतीण भरती झाली की चादर, उशी आणि एक लोखंड. सुट्टीला परत. परत आलं की मामा ते घासून, उकळून, पुसून एका डब्यात ठेवत; त्या डब्याचा हिशेब त्यांच्याकडेच. डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. त्यानंतर एकाही उशीखाली विळा सापडला नाही.

चार वर्षांनी मामा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी एक वाजता ते नेहमीसारखे आले. सुया जुळल्या, अठ्ठेचाळीसला अठ्ठेचाळीस. त्यांनी सही केली, मी केली. पिशव्यांची वजनं झाली. काटा, कटर, चिमटा, सगळं मोजून माझ्या ताब्यात दिलं. मग लोखंडाचा डबा उघडला. त्यात एक तुकडा होता.

"मामा, वॉर्डात सध्या एकही बाळंतीण नाही," मी म्हणालो.

"मालूम हाये."

"म्हणजे नऊचा फरक आहे. सहा वर्षांत एवढा फरक कधी आला नाही. काय लिहू?"

ते चप्पल घालत होते. "फरक कुठी हाये? जा, ज्याइच्या उशाशी हायेत थे नऊ लेकरं मोजून या."

मी पेन उचललं. मग लिहिलं: शिल्लक एक, बाहेर नऊ. रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. न जुळलेल्या आकड्याखाली मामांनी सही केल्याचं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि पूर्ण नावानिशी सही केली. "नवे दहा सांगून ठेवजा वेल्डरले," ते म्हणाले आणि गेले.